आई मालमत्तेत येत नाही

लिहून ठेवणार : रविना बाबल्या वरठा, वय वर्षे सव्वीस, शिक्षण बी. ए., आश्रमशाळेत तासिका तत्त्वावर शिक्षिका, राहणार खांडीपाडा, तालुका तलासरी, जिल्हा पालघर.

हे मृत्युपत्र मी शुद्धीत, स्वखुशीने आणि कोणी डोक्यावर उभे नसताना लिहीत आहे. शुद्धीत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो कसा मिळाला हेही लिहून ठेवते. माणसाचे मन तपासणारे डॉक्टर आमच्या भागात नाहीत. पद आहे, पाटी आहे, खुर्ची आहे. म्हणून ताप-खोकल्याच्या डॉक्टरांनी माझा रक्तदाब घेतला, जीभ पाहिली आणि विचारले, "राज्याचे मुख्यमंत्री कोण?" मी म्हटले, "सध्या कोणी नाही." ते थांबले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले आणि 'शुद्धीत आहे' असे लिहून शिक्का मारला. आज राज्यात राष्ट्रपती राजवट आहे. पाड्यावर अजून कोणाला फरक जाणवलेला नाही.

१. लिहिण्याचे कारण. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यात माझ्या हृदयाची एक झडप खराब झाली. येत्या सोमवारी, २५ तारखेला, मुंबईत तिचे ऑपरेशन आहे. शंभरातले पंच्याण्णव बरे होऊन घरी जातात, असे तिथले डॉक्टर म्हणाले. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे उरलेल्या पाचांचा विचार मला करावाच लागतो. मी घरी आले नाही, तर माझी आई चिमी पुन्हा आजारी पडल्यावर तिच्याबद्दल कोणी ठरवायचे, हा या कागदाचा खरा विषय आहे. भांडीकुंडी रीत म्हणून लिहीत आहे.

२. व्यवस्था पाहणारी व्यक्ती. माझी कॉलेजातली मैत्रीण शितल हिला मी नेमते. ती सरावलीकडे उपकेंद्रात नर्स आहे, फॉर्म पूर्ण वाचून मगच भरते, आणि "उद्या या" असे सांगणाऱ्या माणसासमोर तशीच बसून राहते. यापेक्षा जास्त पात्रता मला ठाऊक नाही.

३. घर. घरकुल योजनेतले, आईच्या नावावर. म्हणजे ते देणारी मी कोणी नाही. पण त्याच्या भेगांबद्दल बोलण्याचा मला हक्क आहे. गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरपासून भूकंपाचे धक्के बसत आहेत, तेव्हा मागच्या भिंतीला पडलेली भेग पंचनाम्यात 'किरकोळ' आहे. तिच्यातून हात जातो. माझा जातो, पंचनाम्यासाठी आलेल्या साहेबांचा गेला नाही, त्यांचा हात जाड होता.

इथेच एक नोंद करते. आई २०१५ साली सांगत होती की पायाखालची जमीन हलते. तेव्हा तिला इंजेक्शन देण्यात आले. २०१८ साली जमीन सगळ्यांच्याच पायाखाली हलली, तेव्हा तंबू आले, मोजणारे यंत्र आले, मागोमाग साहेब आले. आईला आधी कळले होते असे मी म्हणत नाही. ती आजारी होती, आणि हा आजार असा आहे की तो परत येऊ शकतो. मी एवढेच म्हणते की जमिनीची तपासणी करायला सरकारकडे माणूस आहे.

४. जमीन. वनहक्काचा पट्टा, बाबांच्या मागे आईच्या नावावर. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. त्यात भात आणि नागली होते, आणि ती कसतात माझे काका सुदाम. त्यांनी कसत राहावे, त्यावाचून भात होणार नाही. परंतु माझ्या स्वतःच्या वस्तूंपैकी एक सुईदेखील काकांना देऊ नये. कारण कलम ६ मध्ये दिले आहे. चार वर्षांत मी त्यांच्याशी "जेवण वाढलंय" याखेरीज वाक्य बोललेले नाही.

५. वस्तू. शिलाई मशीन चुलत बहीण लाडकी हिला. तिने ते आधीच नेले आहे, आता निदान चोरी ठरणार नाही. कॉलेजची पुस्तके शाळेला. मात्र राज्यशास्त्राचे पुस्तक मुलांना उशिरा द्यावे, त्यात सगळे फार छान चाललेले आहे. चार कोंबड्या आईच्या. पदवीचे प्रमाणपत्र भिंतीवरून काढू नये. घरात पहिले असल्यामुळे पाहुणे ते बघतात, आणि त्याच्या मागे भेग आहे.

६. फाईल. माझी सर्वांत मोठी मिळकत ही फाईल आहे. तिच्यात माझे सत्तावीस अर्ज, त्यांच्या पोचपावत्या, रुग्णालयाच्या एका पत्राची नक्कल आणि एक उत्तर आहे. ती कशी जमली ते सांगते.

बाबा गेल्यावर आईची झोप गेली. मग ती रात्रंदिवस बोलू लागली, मग चालू लागली. भगताकडे नेले. त्याने दोन कोंबड्या घेतल्या आणि उपयोग झाला नाही, पण तो निदान घरी आला. ग्रामीण रुग्णालयात मनाचे डॉक्टर महिन्यातून एका गुरुवारी यायचे. आम्ही तीन गुरुवार गेलो. पहिल्या गुरुवारी सुट्टी होती, दुसऱ्या गुरुवारी त्यांना बैठक होती, तिसऱ्या गुरुवारी त्यांची बदली झाली होती.

ऑगस्ट २०१५ मध्ये नव्या जिल्ह्याला एक वर्ष झाले, म्हणून चारोटीजवळ आरोग्य मेळावा ठेवला होता आणि मंत्री यायचे होते. त्याच दिवशी कासाच्या बाजाराला गेलेली आई चारोटीला महामार्गाच्या मध्ये उभी राहिली. पुढे जाऊ नका, जमीन हलते, असे ती ट्रकवाल्यांना सांगू लागली. ट्रकवाले वळसा घालून जात होते. मंत्र्यांच्या ताफ्याला वळसा घालता येत नाही, म्हणून आईला पोलिसांच्या गाडीत घातले. मेळाव्यात 'मनाचे आरोग्य' असा एक स्टॉल होता. फीत होती, फुगे होते. आईला त्या स्टॉलवर न्यायचे असते तर चालत जाण्याइतके ते अंतर होते. पण तिथेही डॉक्टर नव्हतेच.

मी तेव्हा डहाणूला वसतिगृहात, शेवटच्या वर्षाला होते. मला तिसऱ्या दिवशी कळले. तोवर काकांच्या सहीचा अर्ज, डॉक्टरांचे दाखले, न्यायालयाचा आदेश असे सगळे कायदेशीर होऊन आई दुसऱ्या जिल्ह्यातल्या मनोरुग्णालयात पोचली होती. एक मनाचा डॉक्टर तीन महिन्यांत मिळाला नव्हता. एका माणसाला कोंडण्यासाठी लागणारे चार अधिकारी दोन दिवसांत मिळाले. जुना कायदा किती तत्पर होता याचे हे उदाहरण मी मुद्दाम नोंदवते.

तीन महिन्यांत आई बरी झाली. गोळ्या वेळेवर मिळाल्या की ती बरी होते. हे औषध इथेही देता आले असते. रुग्णालयाने 'घरी नेण्यास योग्य' असे पत्र काढले. ते पत्र जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. ते म्हणाले, तलासरी आता आमच्याकडे नाही. नव्या जिल्ह्याच्या कार्यालयाने सांगितले की प्रकरण नव्याने उघडावे लागेल, जुनी फाईल आमच्याकडे आलेली नाही. बरी झालेली आई अकरा महिने आत बसून राहिली, कारण बाहेर एका जिल्ह्याचे दोन झाले होते आणि वाटणीत ती कोणाच्याच वाट्याला आली नव्हती.

त्या अकरा महिन्यांत मी अर्ज केले. एक अर्ज विधानसभेत पोचला, त्यावर प्रश्न विचारला गेला, आणि छापील उत्तर मला पोस्टाने आले. एक, बरी झालेली महिला मनोरुग्णालयात अडकून आहे, हे खरे आहे काय? हे अंशतः खरे आहे. दोन, असल्यास विलंबाला जबाबदार कोण? प्रश्न उद्भवत नाही.

'अंशतः' वर मी पुष्कळ विचार केला. आईचा कोणता अंश आत होता आणि कोणता बाहेर, हे कळवावे म्हणून सव्विसावा अर्ज केला. सत्ताविसावा अर्ज सव्विसाव्याचे काय झाले ते विचारणारा आहे. त्यानंतर महिन्याभरात आई घरी आली, आणि तो विजय मी माझ्या अर्जांच्या नावावर लिहून टाकला.

ही फाईल मी आमच्या भागाच्या लोकप्रतिनिधींना देते. नाव लिहीत नाही. साहेब बदलतात, उत्तर बदलत नाही. त्या वेळी जे खुर्चीत असतील त्यांनी घ्यावी.

७. इतर देणग्या. आरोग्य मेळाव्याच्या मंत्र्यांना मी चारोटीचा तो मोकळा रस्ता देते. त्यांच्यासाठीच तो मोकळा केला होता, आणि त्यावरून ते पुन्हा आलेले नाहीत.

गेल्या महिन्यात प्रचारासाठी पाड्यावर आलेल्या उमेदवारांना माझे त्यांच्याशी झालेले संभाषण परत करते. मी मनाच्या डॉक्टरांचे पद भरा म्हणाले. त्यांनी आपल्या माणसाकडे पाहिले. तो म्हणाला, "ताई, हे पेशंट लोक मतदान करतात का?" आई करते, मी सांगितले. "मग हायमास्ट दिवा देऊ," साहेब म्हणाले. दिवा लागला आहे. त्याच्या उजेडात पद रिकामे असल्याचे आता रात्रीही दिसते.

आणि दिल्लीत ज्यांनी नवा कायदा केला, त्यांना माझे मनापासून आभार. हे मी खरेच लिहीत आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मी पूर्ण वाचला आहे, काही कलमे मला पाठ आहेत. माणसाला साखळीने बांधू नये. त्याच्याबद्दल ठरवताना त्यालाच विचारावे. तो बरा असताना, पुढे आजारी पडलो तर माझे काय करा आणि काय करू नका, हे त्याला लिहून ठेवता यावे. वाचताना मी रडले होते. इतका चांगला कायदा आहे की वापरून तो खराब करायला आमच्याकडे कोणी धजावत नाही.

८. आई. गेल्या शुक्रवारी मी या मृत्युपत्राचा मसुदा घेऊन दस्त लिहिणाऱ्या प्रविणभाऊंकडे गेले. त्यात मी लिहिले होते की आई चिमी हिच्या उपचाराचे सर्व निर्णय माझ्या पश्चात शितलने घ्यावेत. त्यांनी चष्मा वर केला.

"आई मालमत्तेत येत नाही, बाई. घर लिही, कोंबड्या लिही."

मी त्यांना कायदा दाखवला. ते शांतपणे वाचत होते. हे कुठे नोंदवतात, त्यांनी विचारले. कायद्यात सांगितलेल्या मानसिक आरोग्य मंडळाकडे, मी म्हटले. मंडळ कुठे आहे? आपल्या जिल्ह्यात व्हायचे आहे, असे कळते. त्यांनी पाने नीट जुळवून माझ्या हातात दिली.

"मग ते झालं की तिकडे जा. आमच्याकडे मृत्युपत्र नोंदवतात. मेल्यावरच लागू होतं, पण होतं."

मी घरी येऊन कायदा पुन्हा वाचला. एक गोष्ट मंडळाशिवाय होते. माणूस बरा असताना साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपल्यासाठी बोलणारा प्रतिनिधी स्वतः नेमू शकतो. शिक्का नको, मंडळ नको. मी चांगल्या अक्षरात कागद तयार केला, शितलचे नाव घातले आणि शनिवारी सकाळी शाईचा पॅड घेऊन खळ्यावर गेले. आई भात पाखडत होती. मी कागद वाचून दाखवला आणि पॅड उघडला.

"कोणाचं नाव लिवलंस?" तिने विचारले.

"शितलचं."

"माना विचारलंस?"

सत्तावीस अर्जांत मी लिहिले आहे की रुग्णाला विचारले जात नाही. मी पॅड बंद केला आणि तिला विचारले, तुला कोण पाहिजे?

"शितल चांगली पोर. पण माना सुदाम पायजे."

मी तिला समजावू लागले. समजावताना माझा आवाज कसा झाला होता ते मला माहीत आहे, कारण तो मी अनेक कार्यालयांत ऐकलेला आहे. आई, काकांनीच तर सही केली होती, मी म्हटले. आईने सूप खाली ठेवले नाही.

"केली. मग दर महिन्याला येत होता. सुकट आणायचा. आत सोडला नाय, तर गेटला बसून राहायचा. मी खिडकीतून बघायची."

मग तिने मला माहीत नसलेले सांगितले. एकदा रुग्णालयातल्या बाबूने काकांना 'घरी नेण्यास योग्य' या पत्राची नक्कल दिली होती. काका ती सुकटीच्या पिशवीत घालून जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात चालवत राहिले, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, जोपर्यंत कोणी ती ठेवून घेतली नाही तोपर्यंत. त्यांना अर्ज लिहिता येत नाही. म्हणून ते उभे राहिले. आईच्या सुटकेच्या कागदांबरोबर तीच नक्कल माझ्या फाईलमध्ये आली होती, आणि त्या एका कागदाला वास का येतो, याचा मी कधी विचार केला नव्हता. आणि त्या अकरा महिन्यांत मी स्वतः आईला भेटायला तीनदा गेले होते. अर्जांमुळे वेळ मिळत नव्हता.

"एकदा सही करून पोळलाय," आई म्हणाली. "आता माना न विचारता नाय करायचा."

९. दुरुस्ती. कलम ४ मधील सुईबाबतचे वाक्य शुक्रवारचे आहे. प्रविणभाऊ म्हणतात की खोडायचे असेल तर खोडावे आणि शेजारी सही करावी. मी खोडत नाही. सरकारच्या चुका मी इतक्या जपून ठेवल्या आहेत, माझी एक असू द्यावी. ते वाक्य रद्द समजावे, आणि माझा मोबाईल काकांना द्यावा. रुग्णालयाचा आणि शितलचा नंबर त्यात घालून ठेवले आहेत, लाडकी त्यांना लावायला शिकवील.

दुरुस्तीत आणखी एक गोष्ट येते. रविवारी मी काकांना पहिल्यांदाच विचारले की त्या दिवशी काय झाले होते. ते म्हणाले की त्यांना दोन कागद दाखवले होते. एकावर सही केली तर दवाखाना, नाही केली तर रस्ता अडवल्याची केस. कोणता कागद कसला हे त्यांनी वाचले नव्हते. वाचता येत नाही. दवाखाना म्हणाले म्हणून केली. हे मी चार वर्षांत कधीही विचारू शकले असते, ते आमच्याच अंगणात भात झोडत होते. ज्यांनी पद भरले नाही, ज्यांनी रस्ता मोकळा करायला सांगितला, ज्यांनी 'प्रश्न उद्भवत नाही' असे छापले, ते कोणी माझ्या हाताशी नव्हते. काका होते. म्हणून जबाबदारी मी काकांवर ढकलली आणि वाढप मात्र चालू ठेवले. वरून खाली ढकलायची ही पद्धत मी कोणाकडून शिकले हे सांगायला नको, पण ती मी शिकले होते.

१०. आईचा कागद. ज्याला नेमले त्याने लेखी संमती द्यावी, असे कायदा सांगतो. ती मनाच्या डॉक्टरांकडे द्यायची असते. पद भरेपर्यंत ती शितलकडे राहील.

रविवारी संध्याकाळी आईने आधी तिला काय हवे आणि काय नको ते सांगितले, मी फक्त लिहिले, माझे एकही वाक्य घातले नाही. बांधू नये. कोंडू नये. गोळ्या इथे मिळतात का ते आधी बघावे. न्यायचेच झाले तर सांगून न्यावे, खोटे सांगून नको. केस कापू नयेत. सुदाम सोबत असावा. मग तिने अंगठा उठवला.

मी कागद काकांपुढे ठेवला. ते भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी हात मागे घेतले.

"नको पोरी. सही नको. त्या सहीनेच झालं सगळं."

या भीतीसाठी कायद्यात कलम नव्हते. आईने पेन उचलून त्यांच्या गुडघ्यावर ठेवले.

"तवा तुला दुसऱ्यांनी सांगितलं," ती म्हणाली. "आता मी सांगते."

काकांनी कागद वाचून दाखवायला सांगितले. मी वाचला. पुन्हा एकदा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचला. 'केस कापू नयेत' येथे त्यांनी आईकडे पाहिले आणि मान खाली घातली. मग त्यांना येणारी तीन अक्षरे, सु, दा आणि म, त्यांनी एकेक करून काढली. त्याला बराच वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

येणेप्रमाणे दहा कलमांचे हे मृत्युपत्र मी स्वतः लिहिले, वाचले आणि आई व काका यांना वाचून दाखवले. दोन्ही साक्षीदारांनी मला त्यांच्यासमोर सही करताना पाहिले आहे, आणि यातले काहीही त्यांना मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. त्यावर संगिताताई म्हणाल्या की निदान एक कोंबडी तरी. ती विनंती अमान्य करण्यात येत आहे.

बाकी सगळे माझ्या पश्चात. आईचा कागद आजपासून.

सही : रविना बाबल्या वरठा

साक्षीदार :
१. प्रविण लडक्या धोडी, दस्तलेखक, तलासरी (सही)
२. संगिता सुक्या कोम, आशा कार्यकर्ती, खांडीपाडा (सही)

सोबत : आईचा कागद, एक पान. अंगठा, चिमी बाबल्या वरठा. संमती, सुदाम.

ठिकाण : तलासरी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०१९, सोमवार